टॅरोचा कॅट हाताने काढायचाय? मग दुर्री-तिर्रीपासून सुरुवात करा

टॅरो, म्हणजे भविष्य बघायला वापरतात तो ७८ पत्त्यांचा कॅट, म्हटलं की डोळ्यासमोर ती २२ मोठी चित्रंच येतात, मृत्यू, सैतान, चंद्र, रथ, आणि कागद पुढे घेतला की हात आपोआप तिकडेच वळतो. मी पण तेच केलं. दोन महिने फक्त मोठे पत्ते काढत बसले, नऊ झाले, आणि मग उरलेल्या ५६ छोट्या पत्त्यांकडे बघितलं तर काही सुचेचना, कारण रेघ किती जाड, चौकट केवढी, तलवारीचं टोक कसं, काहीच ठरलेलं नव्हतं. ते नऊच्या नऊ पत्ते पुढे पुन्हा काढावे लागले. म्हणून हे लिहितेय, कुणी पारंपरिक टॅरो काढायला सुरू करणार असेल तर उलटीकडून करा. आधी दुर्री, तिर्री, पंजी, छक्की. राजे-राण्या नंतर. मृत्यू आणि चंद्र सगळ्यात शेवटी.

आता पारंपरिक म्हणजे नेमकं काय ते आधी सांगते, कारण बहुतेकांनी जो टॅरो बघितलेला असतो तो १९०९ चा, पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलेला, ज्यात प्रत्येक छोट्या पत्त्यावरही एक प्रसंग आहे. तो सुंदरच आहे, पण टॅरो त्याच्या साडेचारशे वर्षं आधीचा आहे. १५व्या शतकात उत्तर इटलीत हे खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाले, भविष्य बघणं वगैरे १८व्या शतकात फ्रान्समध्ये आलं. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी १४५० च्या आसपास हाताने रंगवलेला जो कॅट आहे त्यातले ७४ पत्ते अजून आहेत, ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बर्गामोला आणि बाकीचे एका घराण्याकडे. पण तो सोन्याच्या वर्खाचा, राजवाड्यातला. सामान्य माणसाच्या हातात गेला तो लाकडी ठशांनी छापलेला, ज्याला आता मार्सेय टॅरो म्हणतात. पत्ते बनवणाऱ्या जाँ नोब्लेचा साधारण १६५० चा पॅरिसचा, निकोला कॉनव्हेरचा १७६० चा मार्सेयचा. मी कॉनव्हेर समोर ठेवून काढला. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका साइटवर जुन्या कॅट्सचे स्कॅन फुकट बघायला मिळतात, मोठे करून एकेक रेघ बघा, निदान पंधरा दिवस नुसतं बघा.

यात छोट्या पत्त्यांवर प्रसंग नसतात. तलवारींची सत्ती म्हणजे सात तलवारी, बस. आणि आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही, सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे तिथले हाताने रंगवलेले पारंपरिक पत्ते आठवा. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते, प्रत्येक अवताराचे १२, त्यातले राजा आणि प्रधान एवढीच चित्रं आणि बाकीच्या दहांवर ती खूण तितक्या वेळा. चित्रकाराची खरी परीक्षा त्या दहांतच असते, एकच खूण एकदा, दोनदा, दहादा, आणि तरी पत्ता भरलेला दिसला पाहिजे, मोजता आला पाहिजे आणि बघावासा वाटला पाहिजे. मार्सेयचं अगदी हेच आहे. चार चिन्हं, पेले, नाणी, तलवारी आणि सोटे, प्रत्येकी एक्का ते दश्शी आणि वर गुलाम, स्वार, राणी, राजा असे १४.

सामानाचं पटकन सांगते. पत्त्याचा शेवटचा साइझ ७० बाय १२० मिमी धरा आणि चित्र दीडपट काढा, म्हणजे १०५ बाय १८०. ए-फाइव्हच्या कागदावर हे बरोब्बर बसतं आणि भोवती हात टेकायला जागा उरते. कागद गुळगुळीतच हवा, जाड आयव्हरी किंवा ब्रिस्टॉल, खरखरीत वॉटरकलरच्या कागदावर पेनाची रेघ फुटते. पेन पिगमेंट शाईचं, एक ०.५ चं बाहेरच्या रेघेला आणि एक ०.३ चं आतल्याला, तिसरं घेऊच नका. ठशातून छापलेल्या चित्रात बारीक केसासारखी रेघ नसतेच, तिथेच ते चित्र वेगळं दिसतं. आणि ठाण्यात राहणाऱ्यांसाठी खास, जून ते सप्टेंबर शाईचं काम दुपारी पंख्याखाली करा आणि झालेला कागद लगेच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कोंबू नका. आमच्या नौपाड्याच्या घरात पावसाळ्यात कागदाला इतका ओलावा येतो की कडा वर येतात आणि लाइट बॉक्सवर चित्र सरकतं. लाइट बॉक्स म्हणजे माझ्याकडे जुन्या टीपॉयची काच आणि खाली एलईडी पट्टी, त्यावर पूर्ण ७८ झाले.

तर तलवारी. मार्सेयमध्ये एक्का सोडला तर तलवारी सरळ नसतात, धनुष्यासारख्या वाकलेल्या असतात, डावीकडच्या आणि उजवीकडच्या वर-खाली एकमेकींना छेदतात आणि मधे बदामी आकाराची मोकळी जागा तयार होते. सम आकडा असेल तर त्या जागेत फूल, विषम असेल तर एक सरळ तलवार. म्हणजे सत्ती काढायची तर सहा वाकड्या आणि मधे एक सरळ. फक्त दश्शी अपवाद, तिच्यात आठ वाकड्या आणि दोन सरळ. हा नियम कळला की अर्धं काम झालं, पण खरी गंमत छेदतात तिथे आहे. अठ्ठीत तलवारींचे चार पट्टे डावीकडून आणि चार उजवीकडून येतात आणि टोपलीच्या विणीसारखे एकाखालून एक जातात, माझ्या पहिल्या अठ्ठीत तिथे नुसता काळा गोळा झाला होता. दीडपट चित्रात दोन रेघांमधली फट १ मिमी दिसते म्हणून आपण खूश असतो, छोटं केल्यावर ती जेमतेम ०.७ राहते आणि छपाईत शाई थोडी पसरली की संपली. मी शेवटी फट कमीत कमी दीड मिमी ठेवायचं ठरवलं आणि त्यासाठी पट्टेच अरुंद केले. एक बाजू ट्रेसिंग पेपरवर घ्या, पेपर उलटा करून दुसरी बाजू पेन्सिलने उतरवा, पण शाई मात्र दोन्ही बाजूंना हातानेच फिरवा. कॉम्प्युटरवर एक तलवार काढून आठ वेळा चिकटवली तर पत्ता मेल्यासारखा दिसतो, मी करून बघितलंय. सोट्यांचं गणित तलवारींसारखंच, फक्त ते सरळ आणि तिरके छेदतात. पेले आणि नाणी सोपी आहेत, रांगा लावायच्या आणि मधल्या जागेत वेलबुट्टी.

हे चाळीस पत्ते काढतानाच एक काम करा ज्याचा मला पुढे सगळ्यात जास्त फायदा झाला. एक ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद, १०५ बाय १८० कापा आणि त्यावर मार्करने चौकट, वरची आकड्याची पट्टी, खालची नावाची पट्टी, पाय टेकतात ती जमिनीची रेघ, उभ्या माणसाच्या डोळ्यांची रेघ आणि बसलेल्याच्या डोळ्यांची रेघ आखा. प्रत्येक पेन्सिल चित्रावर ती ठेवून बघा. एकेकटा पत्ता छान दिसतो हो, पण ७८ एकत्र मांडल्यावर एका राणीचं डोकं दुसरीच्या दीडपट निघालं की कॅट मोडतो. आपण ७८ चित्रं काढत नाही आहोत, एक कॅट काढतोय, हे त्या शीटने मला रोज आठवण करून दिलं.

मग चाळीसही झाले की रंग न देता झेरॉक्सवाल्याकडे जा, ६७ टक्क्यांवर छोटे करून घ्या, जाड कागदावर, कापा, आणि खेळा. खरंच खेळा, बदामसात लावा, झब्बू लावा. हे पत्ते खेळण्यासाठीच जन्माला आले होते त्यामुळे त्यांची परीक्षा हातात पंख्यासारखे धरल्यावरच होते. मी आईला आणि मावशीला बसवलं. आई आयुष्यभर पत्ते खेळलेली, टॅरो म्हणजे काय तिला घेणं नाही, आणि तिने तिसऱ्या डावात तलवारींची छक्की टाकली आणि म्हणाली आठ. मी म्हटलं आई सहा आहेत. ती म्हणाली, "अगं मला मोजायला लावतेस म्हणजे पत्ता चुकलाय, पत्ता बघितल्या बघितल्या कळला पाहिजे." त्या एका वाक्यावर मी तलवारींचे पाच पत्ते नव्याने काढले, मधलं फूल मोठं केलं, दोन पट्ट्यांच्या जोडीत जरा जास्त अंतर सोडलं, आणि पुढच्या वेळी ती अडली नाही. तुमच्या घरात असं एखादं पत्ते खेळणारं माणूस असेल तर त्यालाच बसवा, चित्रकार मित्राला नको, तो रेघांचं कौतुक करेल आणि आकडा बघणारच नाही.

आता मोठे २२. इथे माझं मत ठाम आहे, एकदा तरी जसंच्या तसं काढा आणि मगच बदल करा. कारण जुन्या चित्रात ज्या गोष्टी चुका वाटतात त्या काढून टाकायचा मोह होतो. बाजीगराच्या टेबलाला तीनच पाय दिसतात. मूर्खाच्या मागे एक जनावर त्याची तुमान ओढतंय, ते कुत्रं की मांजर कळत नाही. सूर्याखाली दोन मुलं आहेत आणि वरून थेंब पडतायत. रोमन आकडे शाळेत शिकलो तसे नाहीत, चारसाठी सरळ चार काठ्या. १३ नंबरच्या सांगाड्याच्या पत्त्यावर कॉनव्हेरने नाव लिहिलेलं नाही आणि मूर्खाला नंबर नाही. न्याय ८ वर आणि शक्ती ११ वर, १९०९ च्या कॅटमध्ये हे दोन उलटे आहेत त्यामुळे नेटवरचं बघून नंबर टाकू नका. आणि कोण कुठल्या बाजूला बघतंय ते लिहून ठेवा. पत्ते शेजारी मांडले की माणसं एकमेकांकडे बघतात किंवा पाठ फिरवतात, ट्रेसिंग पेपर चुकून उलटा झाला की ते सगळं बिघडतं, माझा संन्यासी असाच उलटा झाला होता आणि आठवडाभर माझ्या लक्षातच आलं नाही.

नावं मी देवनागरीत टाकली. बाजीगर, संन्यासी, रथ, न्याय, तारा, चंद्र. हा बदल मला योग्य वाटतो कारण मूळ पत्त्यांवरही त्या त्या लोकांच्या रोजच्या भाषेतलीच नावं होती. पण शिरोरेघेमुळे पट्टीत जागा जास्त लागते, वर वेलांटी खाली उकार, म्हणून नावाची पट्टी चित्रात १६ मिमी ठेवा, १२ मध्ये माझा "मूर्ख" बसेना. कपडे मात्र बदलले नाहीत. नऊवारी नेसलेली सम्राज्ञी काढायची असेल तर जरूर काढा, पण तो दुसरा कॅट, त्याचं सगळंच मग तिकडचं हवं.

सगळे ७८ झाले की पहिली फेरी संपली, काम संपलं नाही. पुन्हा झेरॉक्स, पुन्हा कापा. मी तो गठ्ठा रबर लावून पर्समध्ये ठेवायचे आणि ऑफिसला जाताना ठाणे-वाशी लोकलमध्ये काढून बघायचे, ऐरोलीपर्यंत दहा-बारा पत्ते, हातात लाल पेन्सिल. तीन गठ्ठे करायचे, ठीक आहे, हात फिरवायचा, नव्याने काढायचा. एक गोष्ट नक्की दिसेल, आधी काढलेले दहा-पंधरा पत्ते शेवटच्यांपुढे कच्चे वाटतात कारण तोपर्यंत हात बसलेला असतो. ते सुधारत बसू नका, सरळ नव्याने काढा. माझे एकूण ३१ पत्ते दुसऱ्यांदा झाले. दुरुस्ती करताना बहुतेक वेळा रेघ घालायची नसते, काढून टाकायची असते. दाढीतल्या रेघा, कपड्याच्या चुण्या, जमिनीवरचं गवत. पत्ता हातभर लांब धरा, जे दिसत नाही ते काढून टाका.

रंग पाच पुरतात, लाल, निळा, पिवळा, हिरवा आणि अंगाचा, चेहरे मी कोरेच सोडले. जुन्या लोकांनी ठशावर स्टेन्सिलने रंग लावले म्हणून रंग रेघेबाहेर जरा सांडलेला असतो, आणि तेच छान दिसतं. मूळ चित्रावर रंगवू नका. ६०० डीपीआयला स्कॅन करा, लेझर प्रिंट काढा आणि त्यावर रंगवा, टोनर पाण्याने फुटत नाही, इंकजेटची शाई मात्र पसरते.

छपाईला डिजिटल प्रेसवाल्याकडे १३ बाय १९ इंचाची शीट मागा. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेघेबाहेर नेलेली जादा छपाई, धरून एका शीटवर १२ पत्ते बसतात, म्हणजे सात शीट आणि सहा जागा उरतात, त्या रिकाम्या सोडू नका, जे पत्ते नाजूक वाटतात तेच परत टाका. ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, आणि ते दोन्ही बाजूंना, एकाच बाजूला केलं तर आपल्या हवेत पत्ता पापडासारखा वळतो. पाठीचं डिझाइन असं हवं की पत्ता उलटा फिरवला तरी कळू नये, आणि पाठीला बारीक चौकट अजिबात नको. माझ्या पहिल्या छपाईत कटिंग एक-दीड मिमी सरकलं, प्रेसवाला म्हणाला एवढं चालतं, आणि त्याचं खरंही असेल पण २ मिमीच्या चौकटीत ते ढळढळीत दिसत होतं, सगळा लॉट गेला. पुढच्या वेळी पाठीवर नक्षी कडेपर्यंत नेली, प्रश्नच मिटला. डबा छापून झाल्यावरच करा, ७८ पत्ते लॅमिनेशनसकट ३ सेंमीच्या आसपास जातात पण नेमकं माप गठ्ठा हातात आल्यावरच कळतं. कोपरे घरीच कॉर्नर कटरने गोल करा, पाच-पाच पत्ते नाही, एकेक.

आणि नाण्यांची दुर्री. तिच्यावर दोन नाण्यांभोवती एक फीत वळलेली असते आणि जुने पत्तेवाले त्याच फितीत आपलं नाव लिहायचे. ती फीत शेवटच्या फेरीपर्यंत कोरी ठेवा. माझ्या कॅटमध्ये तो पत्ता सगळ्यात शेवटी स्कॅन झाला, फितीच्या एका वळणावर माझं नाव आणि दुसऱ्यावर "ठाणे", शिरोरेघ फितीच्या वळणाबरोबर वाकवायला चार कागद गेले.