पॅराच्या जवानाची आठवण कशी लिहून घ्यावी

कोल्हापूर जिल्ह्यात माजी सैनिक नाही असं गाव सापडणं अवघड. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच सैनिक टाकळी. त्यात मरून टोपीवाले, म्हणजे विमानातून छत्रीनं उडी मारणाऱ्या पॅराशूट रेजिमेंटचे, थोडक्यात पॅराचे, थोडेच. 1971 च्या युद्धात विशीत असलेला जवान आज 70 च्या पुढं आहे, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका. मी शाळेत इतिहास शिकवायचो, आता गावोगाव फिरून या आठवणी लिहून घेतो.

आधी थोडी तयारी करून जा. 2 पॅरा ही बटालियन मूळची 3 मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, 1952 साली ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. 11 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी हीच बटालियन पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ छत्र्यांनी उतरली. पुंगलीचा पूल धरायचा आणि उत्तरेकडून ढाक्याला माघारी निघालेली पाकिस्तानी ब्रिगेड अडवायची, हे तिचं काम. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून लढत येऊन तिला मिळाली ती 1 मराठा! ही गोष्ट सांगताना म्हाताऱ्या माणसाचा आवाज चढतो, मधे बोलू नका.

संध्याकाळच्या धारा आटोपल्या की जा. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोरच ठेवा, लपवू नका. हाक ‘सुभेदारसाहेब’, ‘हवालदारसाहेब’ अशी हुद्द्यानंच मारा. “युद्ध कसं होतं?” विचारलंत तर झेंडावंदनाचं भाषण ऐकायला मिळेल. त्यापेक्षा विचारा: विमान कुठलं, डाकोटा की पॅकेट? तुमच्या आधी दारातनं कोण गेलं? पायाला काय बांधलं होतं? पाय चिखलात टेकले की पाण्यात?

आमच्याकडचे एक हवालदार ‘दारातनं कोण गेलं’ या प्रश्नावर उठलेच. सोप्यातल्या वाळवणाच्या दोरीला त्यांनी बोटाचा आकडा अडकवला, खाली ओढून पाहिला, मग पुढच्याच्या पाठीवरची पट्टी चाचपल्यासारखा हात हवेत फिरवला. स्टॅटिक लाइन, म्हणजे उडी मारताच छत्री ओढून उघडणारी पट्टी, विमानातल्या तारेला अडकवायची आणि पुढच्याची तपासायची ती रीत. हातांना जे आठवतं ते तोंडाला आठवेलच असं नाही, म्हणून व्हिडिओ घ्याच.

नंतर कागद मागा. डिस्चार्ज बुकात युनिट आणि पदकं मिळतात. त्यात ‘पूर्वी स्टार’ हे पदक असेल तर माणूस पूर्वेच्या आघाडीवर होता. पण पॅराचा प्रत्येक जण टांगाईलला उतरला असं मुळीच नाही, तेव्हा आपणहून त्याच्या तोंडी जंप घालू नका. टांगाईलला न उतरता ज्यांनी दुसरीकडं गस्त घातली, त्यांचीही नोकरी तितक्याच मानानं लिहा.

जुन्या कात्रणांपासून जपा. तेव्हा बातम्या आल्या की 5000 छत्रीधारी उतरले, आणि सोबत आकाशभर छत्र्यांचा फोटो. तो आधीच्या एका सरावाचा. उतरली होती एक बटालियन आणि तिच्या जोडीच्या तुकड्या. पण मोठ्या आकड्यानं ढाक्यात बसलेल्या पाकिस्तानी अधिकाऱ्यांचा धीर खचायला हातभार लावला. आजोबा म्हणाले, “आम्ही एवढे नव्हतो,” तर कात्रण दाखवून त्यांना खोडू नका. तळ्यात पडलेलं सामान गावकऱ्यांनी ओढून काढलं, ‘जॉय बांगला’ म्हणत पेट्या वाहिल्या, हेही त्यांच्याच तोंडून घ्या.

लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवा. ते म्हणतील ती दुरुस्ती करा, ‘हे नको’ म्हणतील ते काढा. मग तारीख, गाव टाकून दोन प्रती काढा: एक घरी, एक गावच्या शाळेत.