अनुदान अडतं ते वहीत: तपासणीआधी सार्वजनिक ग्रंथालयांनी या चुका टाळा

तपासणीला आलेला अधिकारी आधी कपाटांकडे बघत नाही. तो दाखल नोंदवही मागतो, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक देऊन नोंद करायची वही, मधलंच एखादं पान उघडतो, एका ओळीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘हे ४१२७ काढा बरं.’

माझ्या पहिल्याच तपासणीत ४१२७ नंबरची दोन पुस्तकं निघाली. एक पाककृतींचं, दुसरं चरित्र. आधीच्या ग्रंथपालांनी हरवलेल्या पुस्तकाचा नंबर नव्याला देऊन टाकला होता आणि हरवलेलं पुस्तक दोन वर्षांनी एका वाचकाच्या माळ्यावरून परत आलं होतं. दोन्ही पुस्तकं खरी, दोन्हींची बिलं खरी. तरी शेरा बसला तो बसलाच. तेव्हापासून गेली वीसेक वर्षं तालुक्यातल्या लहान ग्रंथालयांच्या वह्या बघून देतोय आणि एक गोष्ट पक्की कळली आहे. तपासणीत पुस्तकं क्वचितच कमी पडतात. एका वहीतला आकडा दुसऱ्या वहीतल्या आकड्याशी जुळत नाही, तिथे घोडं पेंड खातं.

हे असं का, ते आपल्या कायद्यातच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, १ मे १९६८ पासून लागू झाला. तमिळनाडू किंवा कर्नाटकात असतो तसा ग्रंथालय कर आपल्याकडे नाही. गावोगावी लोकांनी काढलेली ग्रंथालयं होतीच. सरकारनं ती ताब्यात न घेता त्यांना मान्यता आणि सहाय्यक अनुदान द्यायचं ठरवलं. त्याचे नियम १९७० चे. म्हणजे संस्था आपली, कार्यकारी मंडळ आपलं आणि पैसा मात्र ग्रंथालय संचालनालयाचा. संचालनालय मुंबईत, खाली विभागांना सहायक ग्रंथालय संचालक, जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय अधिकारी. राज्यातल्या अकरा-बारा हजार ग्रंथालयांचा कारभार त्यांना दिसणार कशातून? वह्यांतून आणि वार्षिक अहवालातून.

दाखल नोंदवही

सर्वांत जास्त चुका इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली चूक, बिलं साठवून मार्चमध्ये एका बैठकीत नोंदी करणं. तीनशे पुस्तकं, एकच शाई, एकच दमलेलं अक्षर आणि तारखा मात्र जून ते फेब्रुवारी. बघणाऱ्याला काही सांगावं लागत नाही. पुस्तकं आली त्या आठवड्यात नोंद करा आणि बिलावर प्रत्येक पुस्तकापुढे दाखल क्रमांक लिहा. बिलाच्या मागे ‘दाखल क्र. ५२०१ ते ५२३८’ असं मोघम लिहून भागत नाही. एखादं पुस्तक दुकानदाराकडे परत गेलं असेल, तर त्या रांगेतलं नेमकं कुठलं गेलं हे दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

दुसरी, पांढरी शाई. चुकलेल्या ओळीवर पांढरा थर दिला, की खाली काय होतं हा प्रश्न कायमचा उरतो. लाल शाईनं एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. खाडाखोड दिसली तरी चालते, लपवलेली चालत नाही.

तिसरी, भेट पुस्तकं. कुणाचे वडील वारतात आणि मुलं त्यांची दीडशे पुस्तकं आणून देतात. ती कपाटात लागतात, लोक वाचतात, पण वहीत नसतात. बिल नसलं तरी दाखल क्रमांक हवाच. बिलाच्या रकान्यात ‘भेट’, देणाऱ्याचं नाव, पुस्तकावर छापलेली किंमत. सगळीच घ्यायला हवीत असं मात्र नाही. पाचवीची जुनी गाइडं दाखल करून संख्या वाढवणारी ग्रंथालयं मी पाहिली आहेत. अधिकाऱ्याच्याही ते लगेच लक्षात येतं.

आणि नंबर दोनदा पडला असेल तर? ‘४१२७ अ’ करू नका. दुसऱ्या पुस्तकाला आजचा चालू क्रमांक द्या, जुन्या ओळीच्या शेऱ्यात तो लिहा, नव्या ओळीत जुना लिहा. पुस्तकावर शीर्षक पानामागे आणि गुप्त पानावर (ग्रंथालयानं ठरवलेलं आतलं एक पान, तिथेही क्रमांक असतो), दोन्ही ठिकाणी बदल करा. गुप्त पानावरचा विसरला, की पुढच्या पडताळणीत हेच भूत पुन्हा उठतं. हरवलेल्या किंवा वाळवीनं खाल्लेल्या पुस्तकाचा नंबर दुसऱ्याला कधीच द्यायचा नाही. वर्षातून एकदा पुस्तक मोजणी करा, गहाळ आणि फाटक्यांची यादी कार्यकारी मंडळापुढे ठेवा, ठराव घ्या, ठरावाची तारीख वहीच्या शेऱ्यात टाका. यादी आहे पण ठराव नाही, ही तर घरोघरची गोष्ट.

वर्गणी आणि अनामत

समजा अहवालात ११२ वर्गणीदार दाखवलेत. वर्गणी महिना २० रुपये. म्हणजे वर्षाचे २६,८८० व्हायला हवेत आणि पावती पुस्तकांची बेरीज येते ९,३००. अधिकारी हा गुणाकार तोंडी करतो. यात लबाडी असतेच असं नाही. कुणी मध्येच सभासद झालेलं असतं, कुणी सहा महिने थकवलेले असतात. पण मग थकबाकीची यादी वर्गणीदार नोंदवहीतच दिसायला हवी. ज्यानं दोन वर्षं वर्गणी दिलेली नाही आणि एकही पुस्तक नेलेलं नाही, त्याचं नाव संख्येसाठी चालवत ठेवण्यात अर्थ नाही. देवघेव नोंदवही त्याच्याविरुद्ध साक्ष देतेच.

अनामत रकमेची गफलत याच्याही वरची. वाचकाकडून घेतलेली अनामत त्याला परत द्यायची असते, ते देणं आहे. कितीतरी ठिकाणी ती वर्गणीच्या पैशात मिसळून उत्पन्नात धरलेली असते. वर्षानुवर्षं असं चाललं, की एक दिवस पाच वाचक गाव सोडून जाताना अनामत मागतात आणि खात्यात पैसे नसतात. ताळेबंदात अनामत देणी बाजूला दाखवा, तिचं पावती पुस्तक वेगळं ठेवा. मागच्या वर्षांची चूक असेल तर सनदी लेखापालांना तसं स्पष्ट सांगा. लपवलेलं असेल ते तेही काढू शकत नाहीत.

सुट्टीच्या दिवशी आलेले वाचक

वाचकांच्या सह्यांची वही एकट्यानं बसून भरायचा मोह अनेकांना होतो. बारा सह्या, बाराही एकाच वळणाच्या. त्यात ग्रंथालयाची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, आणि सोमवारीही सतरा वाचक! मी एका वहीत १५ ऑगस्टला एकवीस वाचक पाहिले. ग्रंथपालांना विचारलं तर म्हणाले, झेंडावंदनाला आले होते.

ज्या दिवशी कुणी आलं नाही, त्या दिवशी तारीख टाकून ‘वाचक नाही, मुसळधार पाऊस’ लिहा आणि सही करा. अशी चार पानं वहीत असली, की उरलेल्या पानांवर विश्वास बसतो.

पगार

अनुदानात वेतन आणि वेतनेतर असे भाग असतात. वेतन कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात जमा करा किंवा धनादेशानं द्या. हजेरीपत्रक आणि पगारपत्रक जुळवा. सही एका रकमेवर आणि हातात दुसरी रक्कम, असला प्रकार जिथे चालतो तिथे चूक हा शब्द वापरायचं कारण नाही, तो गुन्हा आहे. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. त्यात सर्वांत खालच्या ड वर्गाच्या ग्रंथपालाला जे मिळतं ते सांगायचीही लाज वाटते. त्यातलं कापून ‘संस्थेसाठी देणगी’ घेणाऱ्या मंडळींची कीव करावी की राग यावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निवडणूक झाली, बदल अर्ज राहिला

ग्रंथालय चालवणारी संस्था बहुधा दोन ठिकाणी नोंदलेली असते, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली. कार्यकारी मंडळ बदललं की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हारतुरे होतात, फोटो निघतात आणि अर्ज राहतो. मग बँकेत सही जुन्या अध्यक्षांची, अहवालावर नव्यांची, आणि धर्मादायच्या नोंदीत दहा वर्षांपूर्वीची माणसं, त्यातली दोन हयात नाहीत. अनुदानाचा हप्ता खात्यात येऊनही काढता येत नाही, तो असा.

मुदत उलटली असेल तर गप्प बसू नका. विलंब माफीच्या अर्जासह बदल अर्ज दाखल करता येतो. सभेची नोटीस, ती मिळाल्याच्या सह्या, इतिवृत्त आणि नव्या सदस्यांची संमतिपत्रं मात्र लागतील. त्यातली नोटीसच बहुतेकांकडे नसते, कारण सभा फोनवर बोलावलेली असते. पुढच्या वेळी फोन कराच, पण नोटीसही काढा. दर निवडणुकीचा अर्ज वेगळा. मधल्या दोन निवडणुका गाळून थेट शेवटचा दिला, तर तो अडकायची शक्यता जास्त.

मार्चमधली खरेदी आणि कोलकात्याची पुस्तकं

अनुदानाचा दुसरा हप्ता हातात पडला की विक्रेते गाडी घेऊनच येतात. सवलत मोठी, गठ्ठे बांधलेले. आत एकाच लेखकाची नऊ पुस्तकं, जी नेणारा वाचक तालुक्यात नाही. संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, ती आधी वाचा. आणि वर्षभर काउंटरवर एक साधी वही ठेवा, वाचकानं मागितलेलं आणि आपल्याकडे नसलेलं पुस्तक लिहायला. खरेदीच्या सभेत ही वही समोर असली, की वादही कमी होतात.

राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही १९७२ साली स्थापन झालेली, कोलकात्यातली केंद्राची संस्था. तिच्या समान निधी योजनेत राज्य आणि प्रतिष्ठान दोघं पैसे घालतात आणि ग्रंथालयांना पुस्तकं मिळतात. ‘फुकट आलीत’ म्हणून ती दाखल न करता कोपऱ्यात पडलेली मी पाहिली आहेत, दोरीसुद्धा न सोडलेली. ती दाखल करा, प्रतिष्ठानकडून आल्याची नोंद करा, शिक्का मारा. इमारत, फर्निचर, बालविभाग अशांसाठी असमान निधी योजना आहे. तिचा अर्ज परस्पर कोलकात्याला धाडू नका, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फतच पाठवा. त्याआधी जागेचे कागद बघा. जागा देवस्थानची, बांधकाम संस्थेचं आणि वीजबिल माजी सरपंचांच्या नावावर, ही रचना गावात सगळ्यांना मान्य असते, फाइलला नसते.

संगणकावरची यादी

आठ हजार पुस्तकांची यादी टाइप करून ठेवलीय, तरी शोधलं की एकही नाव सापडत नाही? बहुतेक वेळा ती युनिकोडमध्ये नसते, जुन्या फॉन्टमध्ये केलेली असते. पडद्यावर देवनागरी दिसते, आत निराळीच अक्षरं असतात. ई-ग्रंथालय या ग्रंथालयांसाठीच्या संगणक प्रणालीत किंवा दुसऱ्या एखाद्या प्रणालीत ती घातली की नुसती चिन्हं उमटतात. फॉन्ट बदलणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, त्यामुळे आधी पन्नास ओळी बदलून तपासा. लेखकाचं नाव एकाच पद्धतीनं लिहा, आधी आडनाव. नाहीतर एकच लेखक यादीत चार ठिकाणी उगवतो.

वर्ग वाढवायची घाई

क चा ब व्हायचं तर ग्रंथसंख्या, वर्गणीदार, नियतकालिकं, कामाचे तास सगळंच वाढायला हवं. काही जणांनी यावर सोपा उपाय काढला होता, तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावातून पुस्तकं आणायची. २०१२ च्या मे महिन्यात महसूल खात्याच्या माणसांनी राज्यभर एकाच सुमारास पडताळणी केली, तेव्हा हे उपाय उघडे पडले. पुस्तक एका वेळी एकाच गावात असू शकतं. त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गबदल दीर्घकाळ थांबले. त्याची झळ नेटानं चालणाऱ्या ग्रंथालयांनाही बसली.

शेऱ्याला उत्तर

तपासणीचा शेरा आला, की बहुतेक संस्था ‘नोंद घेतली आहे, यापुढे दक्षता घेऊ’ असं कळवतात. हे उत्तर नव्हे. पुढच्या वर्षी तोच शेरा, शिवाय ‘पूर्तता केली नाही’ ही पुस्ती. मुद्दा क्रमांक, काय केलं, कधी केलं, पुरावा कुठला, असं लिहा. माझ्या त्या जुन्या शेऱ्याचं उत्तर मी तिसऱ्या खेपेला असं लिहिलं: ‘मुद्दा ४. दाखल क्र. ४१२७ दोन ग्रंथांना दिल्याचे आढळले. पैकी पाककृतीच्या ग्रंथास दाखल क्र. ६०५२ दिला. दोन्ही ओळींत परस्पर नोंद केली. कार्यकारी मंडळाने ठराव क्र. ७ अन्वये मान्यता दिली. दोन्ही पानांची छायाप्रत सोबत.’

पुढच्या तपासणीला अधिकाऱ्यांनी पाककृतीचंच पुस्तक मागितलं. ते बाहेर गेलेलं होतं. देवघेव नोंदवहीत ६०५२ हाच नंबर होता.