सांगलीत बिऱ्हाड हलवताय? आधी नदी बघा, मग घर

बदली होते, नोकरी लागते, मुलांना कॉलेजात प्रवेश मिळतो आणि घर शोधायला सुरुवात होते. बहुतेक जण आधी भाडं विचारतात. सांगलीत पहिला प्रश्न हा असावा: '२०१९ ला इथं पाणी कुठपर्यंत आलं होतं?' त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. २००५ आणि २०२१ च्या पुरांनीही बराच भाग बुडवला. शहराची ओळख इथूनच करून घ्यावी लागते.

पाण्याची खूण शोधा

घरमालकाला विचाराच, पण त्याच्या उत्तरावर थांबू नका. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, दूधवाला यांना वेगवेगळं विचारा. २००५, २०१९ आणि २०२१ ही तिन्ही वर्षं नाव घेऊन विचारली, तर 'दुसऱ्या पायरीपर्यंत', 'खिडकीपर्यंत' अशी नेमकी उत्तरं मिळतात. नुसतं 'पाणी येतं का?' विचारलं की 'तसं काही नाही' एवढंच ऐकायला मिळतं.

मग घराकडे नीट बघा. विजेचा मीटर आणि खालची बटणं नेहमीपेक्षा उंचावर बसवली असतील, किंवा भिंतीचा खालचा चार-पाच फुटांचा पट्टाच नव्याने रंगवला असेल, तर ते घर बहुधा पूर पाहिलेलं आहे. घर विकत घेणार असाल तर जलसंपदा विभागाने आखलेली पूररेषा तपासल्याशिवाय विसार देऊ नका. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडचा भाग इथे नदीचं पाणी आधी शिरतं. शामरावनगरच्या सखल भागात त्रास वेगळा आहे. तिथे पूर नसतानाही पावसाचं पाणी तुंबतं आणि लवकर हटत नाही. 'आपण तर दुसऱ्या मजल्यावर' हा दिलासा अर्धाच आहे. घर कोरडं राहतं, पण जिना पाण्यात जातो, भागाची वीज बंद करतात आणि पाण्याची मोटर खालीच असते.

तीन गावांतलं एक निवडा

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली, तरी रोजच्या जगण्यात ही गावं वेगळीच आहेत. औद्योगिक वसाहतीत नोकरी असेल तर कुपवाडजवळ राहा. दवाखाना, वैद्यकीय कॉलेज किंवा वरचेवर रेल्वेचा प्रवास असेल तर मिरज सोयीचं, कारण ते मोठं जंक्शन आहे. विलिंग्डन आणि वालचंद ही कॉलेजं विश्रामबागेत आहेत. तो भाग नदीपासून लांब आणि तुलनेने उंचावर असल्याने तिथलं भाडंही चढं असतं. गावभाग, खणभागात बाजारपेठ पायाखाली मिळते, पण गल्ल्या अरुंद. सामानाचा ट्रक आत जाईल का, हे आधी बघून घ्या.

सांगली-मिरज अंतर सुमारे १० किलोमीटर. या रस्त्यावर एसटीच्या शहरी बस आहेत आणि वडाप आहे. वडाप म्हणजे सीट भरून जाणारी रिक्षा. बसण्याआधी दर विचारा आणि पत्त्याऐवजी चौकाचं नाव सांगा: राम मंदिर, पुष्पराज चौक, कॉलेज कॉर्नर, मार्केट यार्ड. सांगलीत पत्ता चौकानेच कळतो.

कागदपत्रं

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीकृतच करा. कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं. अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्या एकूणात मिळवतात. किल्ली घेताना महावितरणचं शेवटचं बिल मागा आणि थकबाकी शून्य आहे ना ते बघा.

गॅसचं काम जुन्या गावातून निघण्याआधी करा, इथे आल्यावर नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर तिथल्या एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं. शेगडी तुमचीच राहते. इथे मात्र अनामत पुन्हा भरावी लागते, ती किती ते नव्या एजन्सीत आधी विचारा. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ लागतो.

पहिल्या रविवारी पायी फिरा

गाडी घरी ठेवा. सकाळी लवकर गणपती मंदिरापासून निघा, घाटावर उतरा, तिथून १९२९ सालचा आयर्विन पूल बघा. याच पुलाजवळची पातळी पावसाळ्यात सगळी सांगली विचारत असते. मग गावभागातून हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ करत परत या. किराणा, कापड, भांडी कुठं मिळतात हे एका फेरीत कळतं. संध्याकाळी हरिपूरला जा. तिथे वारणा कृष्णेला मिळते आणि काठावर संगमेश्वराचं देऊळ आहे. घाटावर बसा, पण पोहायला उतरू नका. सांगली परिसरात कृष्णेत मगरी आहेत. कोणी पोहताना दिसलं तरी त्यावर जाऊ नका.

ओळखी वाढवायला स्वयंपाकघराचा रस्ता जवळचा. इथे 'चटणी' म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते आणि मिरची कांडपाच्या गिरणीत रांगा लागतात. शेजारच्या काकूंना प्रमाण विचारा, त्या बहुतेक सोबतच घेऊन जातील. हळद आणि बेदाणा वर्षभराचा भरायचा तर नवा माल आल्यावर, फेब्रुवारीनंतर चौकशी करा. नाटकाची आवड असेल तर ५ नोव्हेंबर लक्षात ठेवा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' इथेच रंगमंचावर आणलं, आणि रंगभूमी दिनी त्यांच्या नावाचं गौरवपदक सांगलीतच दिलं जातं.

पहिला पावसाळा

जमेल तर जुलै-ऑगस्टमध्ये सामान हलवू नका. नवख्याची फसगत एका गोष्टीत होते: सांगलीत ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. पाणी इथल्या पावसाचं नसतंच. महाबळेश्वर आणि कोयनेकडचं पाणी कराडला एकत्र होऊन येतं, आणि चांदोलीकडून भरून आलेली वारणा हरिपूरला कृष्णेचं पाणी अडवून धरते. त्यामुळे आभाळाकडे पाहू नका. कोयना आणि चांदोली धरणांतून किती पाणी सोडलंय (विसर्ग) ते बघा, आणि आयर्विन पुलाची पातळी.

४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. सखल भागांत मात्र ४० च्या आधीच पाणी येतं, म्हणून तुमच्या गल्लीचा आकडा शेजाऱ्यांकडून विचारून दारामागे लिहून ठेवा. त्या आकड्याच्या चार फूट आधी हालचाल सुरू करा. आधी गाडी उंच भागात लावा, मग कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधून सोबत घ्या. फ्रिज आणि धान्य वरच्या मजल्यावर न्या, सिलिंडर बंद करून उंचावर बांधा. निघताना मेन स्विच पाडा. रात्री पाणी वाढेल म्हणून थांबून बघू नका, उजेडातच बाहेर पडा.

परत आल्यावर मीटर वायरमनने तपासेपर्यंत वीज सुरू करू नका. गाळ पाणी ओसरत असतानाच खराट्याने बाहेर ढकला. एकदा वाळला की तो फरशीला घट्ट धरतो आणि मग खोऱ्या-कुदळीशिवाय निघत नाही.