एमबीबीएसची सीट निवडताना या चुका टाळा

नीटसाठी दोन वर्षं पोराला लातूरला ठेवतात, घरातला टीव्ही बंद करतात, आणि कॉलेजांचा पसंतीक्रम मात्र शेवटच्या दिवशी नेट कॅफेत अर्ध्या तासात उरकतात. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. निकाल लागला की पालक याद्या घेऊन घरी येतात आणि चुका दरवर्षी त्याच असतात.

मागच्या वर्षीचा कट-ऑफ उतरवून यादी लावणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जुळे सोलापूरच्या एका पालकांनी कट-ऑफच्या उतरत्या क्रमाने नावं टाकली. मुलीला पहिल्या फेरीत इथलं, सोलापूरचं वैशंपायन मेडिकल कॉलेज मिळालं. घरापासून रिक्षाच्या अंतरावर सरकारी कॉलेज, सगळे खूश. मी म्हटलं, "मिळालेली सीटच ठेवायची तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरा." ते म्हणाले, "सीट मिळाली की ओ सर, आता आणि कशाला फॉर्म?" पेढे वाटून मंडळी पंढरपूरला गेली.

दुसऱ्या फेरीत मुलीला नागपूरचं मेयो कॉलेज लागलं. यादीत ते सोलापूरच्या वर होतं ना! फॉर्म भरला नाही म्हणजे तुम्हाला आणखी वरचं हवंय, असं धरलं जातं. वरची जागा मिळाली की जुनी आपोआप रद्द होते आणि पुढच्या नंबराला जाते. परत द्या म्हणून रडून उपयोग नाही. मेयो काही वाईट नाही, पण आईच्या आजारपणामुळे मुलीला इथंच राहायचं होतं. ते यादीत कुठंच दिसत नव्हतं.

म्हणून मी यादी आधी कागदावर पेन्सिलीने लिहायला लावतो. मग वरून एकेका नावावर बोट ठेवून विचारतो, "खालचं हातात असताना ते सोडून इथं जाल?" मुलगा बापाकडे बघायला लागला की ते नाव खाली. उत्तर मुलानं द्यायचं, मामानं नाही. आणि फेरीचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून स्वतः वाचायचे. व्हॉट्सॲपवर फिरणारं पत्रक बहुतेकदा मागच्या वर्षीचं असतं.

इमारत बघून भुलणं

काचेचं प्रवेशद्वार, एसी लेक्चर हॉल, फोटो काढून झाले की पालक निघाले. वॉर्डात कोणी डोकावत नाही. सोमवारी सकाळी दहाला जा आणि ओपीडीच्या बाकावर तासभर बसा. आपल्या सिव्हिलमध्ये त्या वेळी उभं राहायला जागा नसते. धाराशिवकडचे, कर्नाटकातले पेशंट, मराठी, कन्नड, तेलुगू एकदम कानावर पडतं. भिंतींचा रंग उडालाय हे खरं, पण शिकायचं त्या पेशंटांकडूनच. एका चकचकीत कॉलेजात मी कामाच्या दिवशी ओळीनं रिकाम्या खाटा बघितल्यात. तिथला मुलगा प्रसूती बघणार कुठं, पुस्तकात?

चहाच्या टपरीवर इंटर्नला गाठून दोनच प्रश्न विचारा: हातानं काय काय करायला मिळतं आणि स्टायपेंड खरंच खात्यात येतो का. नवं सरकारी कॉलेज असेल तर वर किती बॅच आहेत, पीजी म्हणजे पदव्युत्तर शिक्षण सुरू झालंय का, हेही बघा. रात्रीच्या ड्यूटीत ज्युनिअरला शिकवतात ते सिनिअरच.

बाकीच्या, थोडक्यात

फक्त पहिल्या वर्षाची फी बघू नका. साडेचार वर्षांचा हिशेब हॉस्टेल-मेससकट मांडा.

अभिमत (डीम्ड) विद्यापीठांची फेरी केंद्राची एमसीसी ही प्रवेश समिती घेते, राज्याचे प्रवेश बघणारा सीईटी सेल नाही. दोन्ही ठिकाणच्या तारखा एकाच वहीत लिहा.

मुलींच्या शुल्कमाफीचा २०२४ चा निर्णय कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांतून, मिळालेल्या जागांसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातून जाऊन नंतर माफी मागायला येऊ नका.

सरकारी कॉलेजात बाँड असतो: इंटर्नशिपनंतर एक वर्ष सरकारी सेवा. सही करायच्या आधी मुलाला सांगा.

जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर यादी लागल्यावर काढायची नसतात. जात पडताळणी समितीकडे आणि तहसीलला तेव्हा आणखी शंभर जण तुमच्यासारखेच उभे असतात.

"सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. शॉर्टकट शोधणारा पालक त्याला आवाजावरूनच कळतो.

आणि पसंतीक्रम नुसता सेव्ह करून उठू नका. सबमिट करा, प्रिंट काढा, क्रम मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या, मगच कॅफेवाल्याचे पैसे द्या.