शाळेच्या हॉलमध्ये घुंगरू वाजवायचे असतील तर

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माझा कथकचा वर्ग तळमजल्यावर होता. हार्मोनियम फुगली, सतरंज्यांचा चिखल झाला, घुंगरांच्या दोऱ्या कुजल्या. पितळ तेवढं टिकलं. महिनाभर मुलींना माझ्या गच्चीवर शिकवलं आणि मग जवळच्या शाळेचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल भाड्याने मागायला गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "भाडं नको मॅडम, त्याऐवजी आमच्या मुलांना शिकवा." एवढ्या एका वाक्यावर काम सुरू झालं. आज मी दोन शाळांत शिकवते आणि आठवड्याला एखाद्या तरी क्लासवाल्या ताईचा फोन येतो, की शाळेशी जमवायचं कसं? सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

आधी स्वतःशी एक ठरवा. तुम्हाला छंदवर्ग काढायचाय की व्यवसाय शिक्षण द्यायचंय? छंदवर्गात मूल नाचतं, घरी जातं, विषय संपला. व्यवसाय म्हटलं की शाळा सोडताना त्याच्या हातात दोन गोष्टी हव्यात. एक, परीक्षांचे दाखले. दोन, चार पैसे मिळवून देईल असं कसब. हे कसब म्हणजे रंगमंचावर नाचणंच असं नाही. लहान वर्गाला तत्कार (कथकचं मूळ पदकाम) शिकवता येणं, लहेरा (ताल मोजायला मागे फिरत राहणारी सुरांची ओळ) धरता येणं, पढंत करता येणं म्हणजे बोल तालात तोंडाने म्हणता येणं, नऊवारी नेसवणं, मेकअप, प्रकाशयोजनेचा कागद वाचता येणं, कार्यक्रमात विंगेतली बाजू सांभाळणं, हीसुद्धा कामंच आहेत आणि त्यांना आमच्या भागात मागणी आहे. माझ्या पंचवीस मुलांतली दोन-तीन नर्तक होतील. उरलेल्यांना काय दिलं, हे सांगता येत नसेल तर पालकांसमोर "व्यवसाय" हा शब्द उच्चारू नका.

परीक्षांसाठी मी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वाट धरली. मंडळाचं कार्यालय मिरजेला, आम्हाला हाकेच्या अंतरावर, हे एक कारण. दुसरं म्हणजे पायऱ्या स्पष्ट आहेत: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद. सहावीत घेतलेलं मूल नववी संपेपर्यंत निदान प्रवेशिका पूर्णपर्यंत पोचतं. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, ते किती परीक्षांना किती, हे त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहून मगच पालकांना सांगा. तोंडी आश्वासन देऊन मी एकदा अडचणीत आले आहे. आणि दहावीच्या वर्षात नवी परीक्षा लादू नका. तो शहाणपणा मुलांकडून शिकले.

मुख्याध्यापकांना भेटायचं ते मार्च-एप्रिलमध्ये. जूनमध्ये गेलात तर वेळापत्रक लागलेलं असतं आणि तुमच्या वाट्याला शनिवारचा शेवटचा तास येतो, जेव्हा मुलांचं अर्धं लक्ष दप्तरात असतं. जाताना स्वतःच्या कार्यक्रमांचा अल्बम नेऊ नका, एक पानी टिपण न्या: किती मुलं, कोणती इयत्ता, आठवड्याला किती तास, शाळेने काय द्यायचं, तुम्ही काय देणार. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना व्यवसायांची ओळख करून द्या, दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागीर-कलाकारांकडे पाठवा, असं म्हटलंय. ते कागदावर कसं उतरवायचं याची चिंता प्रत्येक मुख्याध्यापकाला असते. त्यातले दोन दिवस तुम्ही उचललेत तर दार निम्मं उघडलं. संस्थेच्या सचिवांचीही सही लागते, मुख्याध्यापकांनी "हो" म्हटलं म्हणजे झालं असं समजू नका. शिवाय किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्या मामांशी पहिल्या दिवसापासून गोडीत राहा. माझे कितीतरी वर्ग त्यांच्या "थांबा, उघडतो" वर चाललेत.

आता गॅदरिंग. या कामातला खरा खड्डा तोच आहे.

माझ्या पहिल्या वर्षी (शाळेचं नाव सांगत नाही) सगळं तोंडी ठरलं होतं. दिवाळीची सुट्टी संपली आणि हॉलमध्ये स्पीकर आले. "मॅडम, नाहीतरी तुम्ही नाचच शिकवता, आमची आठ गाणी बसवून द्या." नवीन माणूस, नाही म्हणवेना. सहा आठवडे तत्कार बंद. मुलींचे पाय जे आठव्या मात्रेवर सुटायला लागले ते पुढे फेब्रुवारीपर्यंत जागेवर आले नाहीत, आणि या धांदलीत परीक्षेचे फॉर्म भरायची तारीख निघून गेली. एका मुलीच्या आईने विचारलं, "मग वर्षभर शिकलं काय ती?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून करार लेखी करा. साध्या मराठीत, दोन पानं, दोन्हीकडच्या सह्या. माझ्या करारातली गॅदरिंगची ओळ अशी आहे: "वर्गातील विद्यार्थी स्नेहसंमेलनात एकच नृत्य सादर करतील, ते वर्गात शिकवलेलेच असेल, आणि सरावासाठी नियमित तासिका वापरल्या जाणार नाहीत." शाळांना हे आधी खटकतं. पण त्या एका नृत्यात मुलींनी सोळा मात्रांच्या तीनतालातली तिहाई (तीनदा येणारा बोल) समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणून सोडली की टाळ्या पडतात, आणि पुढच्या वर्षी कुणी आठ गाणी मागत नाही. कराराचा कालावधी तीन वर्षांचा ठेवा. हॉल परीक्षा किंवा निवडणुकीसाठी गेला तर पर्यायी खोली कोणती, तेही लिहा. वाद्यं कुणाची, मोडली तर कोण दुरुस्त करणार, तेही.

हॉल बघायला जाताना चप्पल काढून चाला. बहुतेक शाळांत शहाबादी फरशी किंवा सिमेंटच्या कोब्यावर टाइल्स असतात. त्यावर रोज पाय आपटले की सहा महिन्यांत पोटऱ्या आणि गुडघे बोलायला लागतात. लाकडी फळ्यांचा मंच परवडला तर उत्तम. आम्हाला परवडला नाही, तेव्हा वेळेवर नियंत्रण ठेवलं: एका बैठकीत जोरकस तत्कार पंधरा मिनिटांच्या वर नाही, बाकी हस्तक (हातांच्या हालचाली), पढंत, चाल. गुळगुळीत टाइल असेल तर चक्कर पहिल्या वर्षी घेऊच नका.

तासिका पस्तीस मिनिटांची. त्यात मोजे-बूट काढणं, रांग, हजेरी यांत दहा मिनिटं जातात. पंचवीस मिनिटांत शरीर गरम होईपर्यंत घंटा होते. सलग दोन तासिका मागा, आठवड्यातून दोनदा. एवढं मिळालं नाही तर वर्ग शाळा सुटल्यावर ठेवा, पण तुकड्या-तुकड्यांत शिकवू नका.

घुंगरू पहिल्या दिवशी वाटायचा मोह होतो, मुलांनाही तेच हवं असतं. मी तीन-चार महिने अनवाणी ठेवते. "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्" हे आवाजाशिवाय स्वच्छ ऐकू यायला हवं. घुंगरू आले की घाणेरडा पायही झकास वाटतो. ते द्यायची वेळ आली की तयार पट्टे आणत नाही. सुटे घुंगरू आणि जाड सुती दोरी आणते आणि ओवायला बसवते. एक घुंगरू, एक गाठ, पुन्हा घुंगरू. गाठ सैल राहिली तर घुंगरू एकमेकांवर आपटून दोरी कापतात, फार आवळली तर माळ पायावर वळत नाही. एका पायाला पन्नास, म्हणजे दोन्ही पायांच्या मिळून शंभर गाठी. सातवीतल्या एका मुलाने पहिली माळ चार वेळा उसवली. पाचव्या वेळी त्याने दोरीला मेण लावलं, कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या वडिलांचं चपला शिवायचं दुकान आहे, तिथे पाहिलेलं. आज गावातल्या तीन क्लासेसचे घुंगरू तोच ओवून देतो, जोडीमागे पैसे घेतो. नाचात तो यथातथाच आहे.

पैशांचं बोलणं लाजत करू नका. माझी पद्धत अशी: हॉल आणि वीज शाळेची, महिना तीनशे रुपये फी पालकांची, आणि दर पाच मुलांमागे एक जागा विनाशुल्क. विनाशुल्क कुणाला द्यायची हे वर्गशिक्षिका ठरवतात, मी नाही, आणि ते नाव बाकी मुलांना कळत नाही. तबलजींचं मानधन मी फीतून देते. त्यांच्यावर काटकसर करून मोबाइलवरचा लहेरा लावणाऱ्या क्लासेसची मुलं परीक्षेच्या खोलीत जिवंत तबल्यासमोर गांगरतात. महिन्यातून दोनदा तरी तबलजी हवेतच. परीक्षा फी, घुंगरू, पोशाख हे खर्च जूनच्या पालकसभेत एकदम सांगा, नंतर सुटे सुटे मागितलेत तर विश्वास जातो.

त्याच सभेत कुणीतरी मागच्या रांगेतून विचारणारच, "नाचून पोट भरतं का हो?" चिडू नका, रास्त प्रश्न आहे. मी सरळ सांगते की फक्त नाचून क्वचितच भरतं. मग पुढच्या वाटा सांगते: पुण्याला विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी घेता येते, मुंबईला नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे, दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती आहे. मुलग्यांच्या पालकांना आणखी एक सांगावं लागतं, की कथकमधले थोर गुरू बिरजू महाराज पुरुषच होते. दरवर्षी सांगावं लागतं.

सुरक्षिततेत कुचराई नको. तुमची आणि तुमच्या प्रत्येक सहायकाची, तबलजींसकट, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या आणि शाळेने मागायच्या आत दाखला द्या. हॉलमध्ये कायम दुसरी मोठी व्यक्ती हवी, आमच्याकडे शाळेच्या मावशी बसतात. मुलाचा हात किंवा खांदा सरळ करायचा तर आधी विचारा, शक्यतो स्वतः करून दाखवा. पोशाख बदलायला बंद खोली. मुलांचे व्हिडिओ पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत, "किती गोड आलाय" असा असला तरीही.

शाळेच्या मुलांनी पालकांसमोर सादर केलेल्या कार्यक्रमाला कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे. तिकीट लावून बाहेरच्या नाट्यगृहात गेलात तर ती गृहीत धरू नका.

तिसऱ्या वर्षी आठवी-नववीतल्या मुलांना सहायक करा. दोघांना पाचवीच्या वर्गासमोर उभं करायचं, मी मागे भिंतीला टेकून बसते. पहिल्या दिवशी ती माझ्याच आवाजात ओरडतात, ते ऐकवत नाही. हळूहळू त्यांना कळतं की समोरचं मूल चुकत नसून आपण पटकन मोजतोय. याचं छोटं मानधन देते, वहीत सही घेऊन. घरचे ते पैसे मुलांना खर्चू देत नाहीत, देवापुढे ठेवतात, असं दोन-तीन जणींनी सांगितलं.

एक शेवटचं. मुख्याध्यापक निवृत्त होतात, बदलतात, आणि नव्यांना तुमच्या कराराची फाइल कपाटात सापडतेच असं नाही. नवे आले की पहिल्याच आठवड्यात त्यांना वर्गात बोलवा. भाषण नको, सत्कार नको, नारळ तर नकोच. खुर्चीही देऊ नका. खाली सतरंजीवर मुलांच्या शेजारी बसवा आणि सोळा मात्रा हातावर मोजायला लावा.