गडद निळ्या वॉलपेपरचे सांधे उकलत होते, असं थांबलं

लातूरला आमच्या बेडरूममधी गडद निळा वॉलपेपर लावला आन् आठ दिवसात सांधे उकलले, मधून पांढऱ्या रेघा दिसायलत्या. फेविकॉल झालं, टाचण्या झाल्या, लई वैताग आला. मग भिंतीवर हात फिरवला तर हाताला चुना, म्हंजे पेपर भिंतीला नाही चुन्याला चिकटलेला!

पेपर काढला, पत्रीनं चुना खरवडला, ओल्या स्पंजनं पुसून दोन दिवस वाळू दिलं, प्रायमर मारून अजून एक दिवस थांबलो. नव्या रोलच्या पट्ट्यांच्या कडा आधी निळ्या मार्करनं रंगवल्या (गडद रंगाला हे पायजेच), वॉलपेपरचीच खळ लावली, कूलर-पंखा बंद ठेवून कडेला कड भिडवली, रोलर हलकाच फिरवला. उन्हाळा गेला, सांधा हलला नाही.