आखूड नळीची, बिनदस्त्याची पंप-ॲक्शन बंदूक: अमेरिकी कायद्यातील स्थान आणि प्रत्यक्ष उपयोग

अमेरिकेतील शस्त्रविक्रेत्यांकडे 2017 पासून एक चमत्कारिक हत्यार दिसू लागले. मॉसबर्ग कंपनीची ‘590 शॉकवेव्ह’ आणि त्याच वर्षी आलेली रेमिंग्टनची ‘870 टॅक-14’ ही त्याची दोन ठळक रूपे होत. नळी जेमतेम 14 इंचांची, आणि खांद्याला टेकवायच्या दस्त्याऐवजी मागे पक्ष्याच्या मानेसारखी खाली वळलेली मूठ. दिसायला ती शॉटगन आहे आणि तिला काडतुसेही शॉटगनचीच लागतात, परंतु संघीय कायद्याच्या लेखी ती शॉटगन नाही. ती घेण्याचा विचार असेल, तर आधी हे वर्गीकरण नीट समजून घ्यावे. कारण त्यातली चूक 10 वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाला कारण ठरू शकते.

1934 च्या ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’नुसार खांद्याला लावून झाडण्यासाठी बनवलेली गुळगुळीत नळीची बंदूक म्हणजे शॉटगन, तिची नळी 18 इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी 26 इंचांपेक्षा कमी असेल, तर ती सरकारदरबारी नोंदवावी लागते. शॉकवेव्ह कारखान्यातूनच मूठ बसवून बाहेर पडते आणि तिला दस्ता कधीही लागलेला नसतो, म्हणून ती या व्याख्येत बसत नाही. ती एका हाताने नव्हे, तर दोन्ही हातांनी धरून झाडण्यासाठी बनवलेली असल्याने पिस्तूलही ठरत नाही. उरतो तो ‘इतर कोणतेही शस्त्र’ हा अंगावर लपवता येण्याजोग्या हत्यारांचा नोंदणीपात्र वर्ग, आणि तिथे ‘एटीएफ’ हे संघीय खाते 26 इंचांची लांबी कसोटी म्हणून वापरते. शॉकवेव्हची लांबी या मर्यादेच्या वर अर्ध्या इंचाहूनही कमी आहे, आणि हा योगायोग अर्थातच नव्हे. त्यामुळे तिला नुसते ‘फायरआर्म’ हे मोघम नाव उरते.

वापरलेले हत्यार विकत घेत असाल, तर मोजमाप स्वतः करावे. प्रथम हत्यार रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानेही करावी, मग ब्रीच (काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग) बंद करून नळीच्या तोंडातून एक लाकडी काठी आत अलगद टेकेपर्यंत सरकवावी, तोंडाशी खूण करून काठी बाहेर काढावी आणि खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. ती नळीची लांबी. एकूण लांबी मात्र मुठीच्या वळणावरून टेप फिरवून काढायची नसते, तर नळीच्या अक्षाला समांतर अशा सरळ रेषेत, तोंडापासून मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत मोजायची असते. वळणावरून टेप फिरवला तर आकडा फुगतो.

मूळ मूठ काढून आखूड मूठ लावली आणि लांबी 26 इंचांखाली गेली, की वर्ग बदलतो. दस्ता लावला, तर ती नोंदणीपात्र आखूड शॉटगन होते. घरच्या जुन्या दस्तेवाल्या शॉटगनची नळी कापून असेच हत्यार बनवणे हाही विनापरवाना गुन्हाच, मग शेवटी लांबी 26 इंचांच्या वर का भरेना. शिवाय लांबी पुरेशी असूनही हे हत्यार कोटाखाली लपवून बाळगले, तर ते ‘इतर कोणतेही शस्त्र’ ठरू शकते. नोंदणीचा 200 डॉलरांचा कर 1 जानेवारी 2026 पासून शून्य झाला असला, तरी अर्ज, बोटांचे ठसे आणि पूर्वमंजुरी यांतून सुटका झालेली नाही.

रायफल आणि शॉटगन दुकानातून 18 व्या वर्षी घेता येतात. हे हत्यार त्या दोहोंत मोडत नसल्याने संघीय नियमाने वय 21 लागते, आणि परराज्यातील दुकानातून ते थेट घेता येत नाही. राज्यांचे कायदे आणखी निराळे आहेत: टेक्सासने 2017 मध्ये कायदा बदलून त्याला वाट करून दिली, तर कॅलिफोर्नियाच्या व्याख्येत शॉटगनचे काडतूस झाडणारे 18 इंचांखालील नळीचे कोणतेही हत्यार येत असल्याने तिथे ते निषिद्ध आहे. एच-1बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर राहणाऱ्या मराठी वाचकांना तर, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, कोणतीही बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे.

उपयोगाविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. घराच्या रक्षणासाठी 18.5 इंच नळीची दस्तेवाली शॉटगन जवळपास प्रत्येक बाबतीत सरस ठरते, आणि तिला वर्गीकरणाची ही कटकटही नाही. खोलीतल्या खोलीत छर्रे फार तर तळहाताएवढे पसरतात, त्यामुळे ‘नेम न धरताही लागेल’ हा समज चुकीचा आहे. आणि दस्ता नसताना नळीच्या टोकावरच्या, नेम धरण्यासाठीच्या मण्यावर नजर बसवणे कठीण जाते. कमरेजवळून झाडल्यास नेम उरत नाही. त्याऐवजी हत्यार हनुवटीच्या उंचीवर, पण चेहऱ्यापासून पुरेसे दूर धरावे, पुढच्या हाताने पुढे रेटावे व मागच्या हाताने मागे ओढावे, म्हणजे धक्का दोन्ही हातांत विभागला जातो. शॉकवेव्हच्या पुढील पकडीला जो पट्टा असतो, तो हात घसरून नळीच्या तोंडापुढे जाऊ नये म्हणून असतो. तो काढू नये. सरावाची सुरुवात कमी भाराच्या काडतुसांनी, किंवा शक्य असल्यास 20 बोअरच्या आवृत्तीने करावी. पंप, म्हणजे काडतूस चढवण्यासाठी मागे-पुढे ओढायची पुढील पकड, अर्धवट ओढला गेला तर पुढचे काडतूस चढत नाही, आणि नवशिक्याची अडचण बहुधा इथेच होते. होडी, तंबू, मालमोटारीची केबिन अशा अरुंद जागी मात्र ही आखूड बांधणी खरोखर सोयीची आहे.

सुट्टीत भारतात येताना असे काही आणण्याचा विचारही करू नये. आपल्या शस्त्र नियमांत 20 इंचांपेक्षा आखूड गुळगुळीत नळीची बंदूक सर्वसामान्य परवान्याबाहेरच्या वर्गात टाकलेली आहे, आणि 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 6 नुसार परवान्याविना नळी आखूड करणेही गुन्हा आहे.